रंग दिवाळीत की चैत्रात?

धामणगाव रेल्वेतल्या एका जुन्या घरात दसऱ्याच्या तोंडावर पेंटरला निरोप गेला आणि त्यावरून बाप-लेकीची जुंपली. आतल्या खोलीची उत्तरेची भिंत पावसाळ्यात छातीभर उंचीपर्यंत ओली झाली होती. डिस्टेंपरखाली लोणा फुललेला, पोपडे सुटलेले, कपाट सरकवलं की मागे बुरशीचे काळे ठिपके. त्याच खोलीत घरातला सात वर्षांचा मुलगा झोपतो. तो एकोणतिसाव्या आठवड्यातच जन्मला. पुढचे दोन महिने त्याला ऑक्सिजन लागला, आणि घरी आला तेव्हा कागदावर आजाराचं नाव लिहिलेलं होतं: ब्रॉन्कोपल्मनरी डिस्प्लेजिया. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणारा हा जुनाट फुप्फुसविकार अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉ. विल्यम नॉर्थवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 साली पहिल्यांदा मांडला. आता अशी मुलं वाढतात, शाळेत जातात, अंगणात क्रिकेट खेळतात. पण सर्दी झाली, धूळ उडाली, उग्र वास छातीत गेला की त्यांच्यातल्या अनेकांना घरघर लागते आणि मग औषधाचा पंप शोधायची धावपळ होते.

वऱ्हाडात हा वाद दर दिवाळीला कितीतरी घरांत होतो, तेव्हा माणसांना नात्यानंच ओळखलेलं बरं. मुलाचे आजोबा उभा जन्म जिनिंगमध्ये दिवाणजी होते. आत्या नागपूरला मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. सणाला माहेरी आली होती.

"धाकट्याचं लगन तुळशीच्या लग्नानंतर," आजोबा म्हणाले. "पाव्हणे येतीन. त्यायले काय हे पोपडे दाखवू? आन् डाक्तरनंच सांगितलं ना, पोराची खोली कोरडी ठेवा म्हनून. मग आता रंगाले नाही कायले म्हनतं?"

आजोबांचा हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातल्या ओलीवर आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचा त्रास आणि दमा होण्याचा किंवा असलेला दमा बळावण्याचा धोका जास्त असतो, असं तीत स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे ती भिंत तशीच सोडणं हेही त्या मुलाच्या छातीला वाईटच. घर दुरुस्त करू नका, मुलाला त्रास होईल, असं सांगणारे लोक अर्धंच सांगतात.

आत्या म्हणाली, "बाबा, मी रंगाला नाही म्हणतच नाही. आत्ता नको, एवढंच म्हणते."

"आता नाही तं कवा? सोयाबीन निघालं, कापूस घरात येऊन राह्यला. चार पैसे हातात आता हायेत. चैतात काय राह्यते? बियाण्याची अन् खताची चिंता राह्यते."

वऱ्हाडातल्या घरांच्या रंगाचं वेळापत्रक पंचांगानं ठरवलं असं वाटतं, पण मुळात ते पिकानं ठरवलेलं आहे. 1867 साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली ती याच पट्ट्यातून. स्टेशनाभोवती कापसाचा बाजार वाढला, जिनिंग उभे राहिले. आजही सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, कापसाची वेचणी पाठोपाठ सुरू होते आणि वर्षाचा मोठा पैसा याच दोन-तीन महिन्यांत हाताशी येतो. कौलं, दारं, रंग, लग्न, सगळं त्यात बसवायचं. ज्याच्या घरी महिन्याच्या एक तारखेला पगार येतो, त्याला "उन्हाळ्यात करा की" म्हणणं सोपं असतं. आत्याला हे माहीत होतं. तीही याच घरातली.

म्हणून तिनं वासाचा विषय बाजूला ठेवला आणि भिंतीपासून सुरुवात केली.

"पाऊस जाऊन किती दिवस झाले? वर पन्हाळीपाशी स्लॅब गळतो, तिथूनच पाणी भिंतीत उतरतं. ती भिंत आतून अजून ओली आहे. तिच्यावर पुट्टी मारून प्लास्टिक पेंट चढवला तर पाणी आतच कोंडलं. पुढच्या आषाढात परत पोपडे. पैसे पाण्यात."

पेंटर तोवर ओसरीवर येऊन बसला होता. हा माणूस काम मिळवायला आलेला, तरी खरं बोलला. "काकाजी, ताई बरोबर बोलून राह्यल्या. ओल्या भिंतीची ग्यारंटी मी नाही देत. मागच्या साली तुमच्या गल्लीतच एका घरी घाई केली, होळीलोक रंग फुगला. शिव्या मलेच बसल्या."

आजोबा गप्प झाले नाहीत, पण त्यांचा आवाज खाली आला. काळ्या कसदार मातीवर घर बांधणाऱ्या कुणालाही भिंतीची ही खोड नवी नाही. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्याबरोबर पाया हलतो, भिंतीला चिरा जातात. चिरेतून पाणी, पाण्यातून क्षार, क्षारांचा लोणा. वरून कितीही महागडा रंग दिला तरी पाणी यायची वाट बंद होत नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले, "ओलीचं मान्य. पन वासाचं तू उगाच वाढवून सांगतं. आमच्या लहानपणापासून दर दिवायीले रंग व्हये. कोनाले काय झालं?"

"तुमच्या लहानपणी भिंतीला काय लावायचे, बाबा?"

"पांढऱ्या मातीनं पोतारत. मंग चुना आला. त्यात नीळ."

"त्यात थिनर होतं का?"

आत्याच्या प्रश्नात निम्मं उत्तर आहे. चुना म्हणजे पाण्यात भिजवलेली चुनकळी, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. भिजवताना ती उकळते, चुना डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती, त्याची कोरडी भुकटीही बाधते. पण भिंतीवर वाळला की हवेत सोडायला त्याच्याजवळ फारसं काही नसतं. दारा-खिडक्यांचा ऑइल पेंट ही अगदी वेगळी वस्तू. तो पातळ राहतो मिनरल टर्पेन्टाइनसारख्या द्रावकामुळे, आणि रंग सुकणं म्हणजे ते द्रावक खोलीच्या हवेत जाणं. त्यानंतरही काम संपत नाही. उरलेलं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं आणि त्या रासायनिक क्रियेत अल्डिहाइड जातीची संयुगं बाहेर पडतात. हाताला रंग लागत नाही इतका तो वाळला तरी दिवसच्या दिवस वास येत राहतो, तो यामुळे.

युरोपीय संघानं 2010 पासून रंगातल्या उडनशील सेंद्रिय द्रव्यांवर जी मर्यादा घातली, तिचे दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. घरातल्या भिंतीच्या मॅट रंगाला लिटरमागे 30 ग्रॅम. दारं, चौकटी यांच्या द्रावकवाल्या रंगाला 300 ग्रॅम. चर्चा भिंतीच्या रंगाचीच होते, पण छातीला जास्त त्रासदायक माल बहुतेक वेळा दारावर बसलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पाहण्यांत घरातल्या हवेत अशी काही द्रव्यं एरवीसुद्धा बाहेरच्यापेक्षा सरासरी 2 ते 5 पट सापडली. जुना रंग रसायन लावून काढताना आणि त्यानंतर काही तास तर ती हजारपटीपर्यंत गेली.

"दुकानदार म्हने नव्या रंगाले वासच नसते," आजोबांनी खिशातून एक माहितीपत्रक काढलं. "पाह्य, लिहेल हाय. लहान पोरायसाठी चांगला म्हनून."

"वास नाही म्हणजे काही निघतच नाही असं नाही, बाबा. काही डब्यांत वास झाकायला सुगंध घालतात. शिवाय आपलं नाक फसतं. अर्धा तास त्या खोलीत बसलात की वास येईनासा होतो, पण हवा तीच असते. कमी वासाचा पाण्याचा रंग ऑइल पेंटपेक्षा चांगलाच. पण दुकानात मशीननं शेड बनवताना त्यात जे स्टेनर सोडतात, त्यांची भर डब्यावरच्या आकड्यात नसतेच. शून्य लिहिलंय म्हणून पोराला रात्री तिथंच झोपवायचं, असं नाही चालत."

आत्याची ही सावधगिरी निराधार नाही. 2010 साली स्वीडनमधल्या सुमारे 400 लहान मुलांच्या झोपायच्या खोल्यांतल्या हवेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाण्यात मिसळणाऱ्या रंगांत वापरली जाणारी ग्लायकॉल ईथर जातीची द्रव्यं ज्या खोल्यांत जास्त होती, त्या खोल्यांतल्या मुलांत दमा आणि अ‍ॅलर्जीचं प्रमाणही जास्त दिसलं. जर्मनीतल्या लाइपझिगला गरोदर स्त्रियांपासून सुरू करून मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणारा एक अभ्यास चालतो. 2014 साली त्यातून निघालेला निष्कर्ष असा: गरोदरपणात ज्या घरात सजावटीचं काम झालं, विशेषतः जमिनीवर नवं आच्छादन बसलं, तिथल्या बाळांना पहिल्या वर्षात डॉक्टरकडे न्यावं लागेल अशी घरघर जास्त आढळली. रंगामुळेच दमा होतो असं हे अभ्यास सिद्ध करत नाहीत, दोन गोष्टी सोबत आढळतात एवढंच दाखवतात. ज्या मुलाची फुप्फुसं आधीच कमकुवत आहेत त्याच्या घरच्यांनी जपून राहायला एवढं पुरेसं आहे.

आजोबांनी मग आपला हुकमी पत्ता टाकला. "जिनिंगमंदी मी सरकीच्या धुळीत चाळीस वर्षं काढली. इथं फटाके हायेत, रस्त्याची धूळ हाय, शेजारी चूल पेटते. तेवढा रंगच दिसते काय तुले? घराचा दवाखाना करून टाकला तुम्ही लोकायनं. लेकराले खेळू द्या, मोकळं सोडा."

"मोकळं सोडलंच पाहिजे," आत्या म्हणाली. "क्रिकेट बंद करू नका, असं मीच वहिनीला सांगितलं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "जिनिंगमध्ये सीझन सुरू झाला की पहिल्या दिवशी छाती कशी व्हायची तुमची?"

"जड. खोकला लागे. दोन दिवसांत जाये."

"रविवारची सुटी झाली की?"

"सोमवारी परत."

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात आणि सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची ओळखीची खूण आहे. सूतगिरण्यांत तो जास्त आढळतो, जिनिंगमध्ये कमी, पण आढळतो. इथे आजोबांची बाजू थोडी सैल झाली. कोणाला काही झालं नाही, असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा होत असलेल्या गोष्टीला नावच दिलेलं नसतं.

"फटाक्यांचं म्हणाल तर तेही टाळायचेत," आत्या पुढे म्हणाली. "चुलीचा धूर, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळंच छातीला लागतं. पण शेजारणीची चूल काही माझ्या हातात नाही. आपल्या घरातला रंग कधी द्यायचा, ते मात्र आपल्याच हातात आहे."

मुलांच्या दम्याचा हिशेब पूर्वी वऱ्हाडातही मांडला गेला आहे. आयझॅक नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा पहिला मोठा अहवाल 1998 साली निघाला. 56 देशांतल्या 155 केंद्रांतून 13 ते 14 वर्षांच्या साडेचार लाखांहून जास्त मुलांची माहिती त्यात होती, आणि भारतातल्या केंद्रांत अकोल्याचंही नाव होतं. आजोबांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे दम्याच्या लक्षणांत तेव्हा भारत खालच्या गटात होता, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया वरच्या. पण सरासरी ही गावाची असते. या घरातल्या मुलाला ती लागू पडत नाही.

ती का लागू पडत नाही, हे आत्यानं हिशेबानंच समजावलं. समोर बसलेला माणूस दिवाणजी होता.

"तुमच्या संत्र्याच्या झाडाला ठिबकची नळी आहे ना? तिच्यात क्षार बसले की काय होतं?"

"पानी कमी येते."

"किती कमी? नळी निम्मी बंद झाली तर पाणी निम्मं येईल असं वाटतं. तसं नाही होत. मोठ्या माणसाच्या श्वासनळीचा एखादा फाटा 8 मिलिमीटर रुंद धरा. आतून चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली तर 6 उरतो, हवेला विरोध साधारण तिप्पट होतो. आपल्या पोराचा फाटा 4 चा. तेवढीच सूज आली तर उरला 2. विरोध किती होतो?"

"दुप्पट?"

"सोळापट, बाबा."

आकडा बरोबर आहे. शांत, सरळ प्रवाहात नळीचा विरोध तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या उलट प्रमाणात बदलतो. रुंदी निम्मी झाली की विरोध 16 पट. शिवाय लहान मूल वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं, म्हणजे त्याच खोलीतलं तेच द्रव्य किलोमागे त्याच्या वाट्याला अधिक येतं. फुप्फुसातले वायुकोशही बहुतांशी जन्मानंतर तयार होतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत भराभर आणि पुढे सावकाश. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं हे काम अर्ध्यावर तुटलेलं असतं. आजोबांनी सोळा हा आकडा दोनदा उच्चारला आणि चष्मा काढून पुसला.

यानंतरची बोलणी वेगळ्या सुरात झाली. वाद होताच, पण आता तो कामाच्या क्रमाचा होता.

आत्याचं म्हणणं असं. दिवाळीच्या सुटीत मुलगा आईबरोबर मामाकडे जातो. तेव्हा गवंड्याला बोलवा. स्लॅबची गळती, पन्हाळ, भिंतीच्या चिरा, सडकं प्लास्टर, हे सगळं उरकून घ्या. सिमेंटची धूळ उडेल, पण मूल घरात नसेल, आणि तो यायच्या आत ओल्या फडक्यानं पुसून घेता येईल. मग भिंत सोडून द्या. थंडीची कोरडी हवा आणि फाल्गुनाचं ऊन तिला सुकवेल. रंगाचं काम परीक्षा संपल्यावर, चैत्र-वैशाखात. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून अखेरीस उघडतात, म्हणजे वाऱ्यासाठी सवड भरपूर मिळते.

"पैसा दोन हप्त्यात जाईन," आजोबा पुटपुटले. त्यांना ते आवडलं असावं. "पन लगनाचं काय? मांडवात पाव्हणा, अन् आत अशी भिंत?"

तोडगा पेंटरनं काढला. "जुनं डिस्टेंपर भिजवून खरडून घेतो. गवंडी गेला की वरून दोन हात चुन्याचे. चुना भिंतीले श्वास घेऊ देते, ओल बाहेर निंघत राह्यते. पांढरी झक्क दिसन. चैतात मंग पाह्यजे तो रंग द्या."

चुन्याचा थर वाफ अडवत नाही, ही त्याच्या बोलण्यातली जमेची बाजू. ऑइल पेंट किंवा जाड प्लास्टिक पेंट ती अडवतो. "भिजवून" हा शब्दही त्यानं सहज टाकला नव्हता. घराच्या दारांवर ऑइल पेंटचे कितीतरी जुने हात आहेत. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, हा नियम भारतात 2016 च्या नोव्हेंबरात निघाला आणि वर्षानं लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. अशी दारं पॉलिश पेपरनं कोरडी घासली की जी बारीक भुकटी उडते ती लहान मुलाच्या हातातोंडात जाते, आणि शिसं मुलाच्या मेंदूवर परिणाम करतं. म्हणून पाणी मारत घासायचं, खाली ताडपत्री टाकायची, झाडूऐवजी ओलं फडकं.

उन्हाळ्यातल्या रंगकामाला एक अडचण होती, तीही पेंटरनंच सांगितली. पश्चिमेची भिंत दुपारी तव्यावाणी तापते, रंग ब्रशखालीच सुकतो आणि पट्टे उठतात. त्यामुळे काम सकाळी लवकर. आत्यानं त्यात भर घातली: रंग झाल्यावर घराला कुलूप लावून सगळे गावाला गेले, असं करू नका. उष्णतेनं द्रव्यं जास्त वेगानं बाहेर पडतात हे खरं, पण दारं-खिडक्या बंद असतील तर ती आतच साठतात. घर उघडं ठेवायला कोणीतरी मागे राहिलं पाहिजे.

इथे वऱ्हाडातल्या घरोघरच्या कूलरला नवं काम मिळालं. कूलर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो आणि समोरचं दार उघडं असेल तर आतली हवा बाहेर काढतो. एसी बहुतेक तीच ती हवा फिरवत राहतो. तेव्हा रंगवलेल्या खोलीच्या खिडकीत पाणी न भरता कूलर चालवायचा, बाहेरची खिडकी उघडी ठेवायची आणि घराच्या आतल्या भागाकडचं दार बंद, म्हणजे वास स्वयंपाकघरात न शिरता अंगणात जातो. महागड्या हवाशुद्धीकरण यंत्रापेक्षा हा उपाय इथल्या घराला जास्त जवळचा आहे. साध्या फिल्टरची यंत्रं धूळ पकडतात, वाफा पकडत नाहीत.

"मंग मास्क लावू ना पोराले," आजोबा म्हणाले.

"त्या कापडी मास्कनं थिनर थांबत नाही. एन-95 नंही नाही, तो धुळीसाठी. वाफेला कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो, आणि तो सात वर्षांच्या पोरानं घालून बसायची वस्तू नाही. तो लागतो यांना," असं म्हणत तिनं पेंटरकडे बोट केलं.

पेंटर हसला. तोंडाला दुपट्टा बांधून तो बावीस वर्षं काम करतोय. संध्याकाळी डोकं धरतं, हात थिनरनं धुतो, मग जेवायला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रंगाऱ्याच्या व्यवसायालाच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात ठेवलं आहे. फर्निचरला मारायचं दोन डब्यांचं पीयू पॉलिश आणखी वाईट. त्यातली आयसोसायनेट वर्गातली रसायनं कामातून होणाऱ्या दम्याच्या मुख्य कारणांपैकी आहेत. भोपाळला 1984 साली जो वायू गळला तो याच कुळातला एक भाऊबंद. पॉलिशमध्ये तो वायू नसतो, पण ते दोन डबे कालवताना माणूस तोंड उघडं ठेवून उभा असतो, हे बघवत नाही. मुलाच्या छातीसाठी एवढा विचार करणाऱ्या घरानं ब्रश धरणाऱ्याच्या छातीचाही विचार केलाच पाहिजे, असं या लेखकाचं ठाम मत आहे.

किती दिवस थांबायचं, यावर आत्यानं ठाम आकडा दिला नाही. भिंतीच्या पाण्याच्या रंगातल्या उडनशील द्रव्यांचा बराचसा भाग पहिल्या काही दिवसांत उडतो, दारांच्या ऑइल पेंटला आठवडे लागतात. मुलानं त्या खोलीत झोपायला निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, आणि परत आल्यावर पहिल्या रात्री खोकला वाढला तर लगेच खोली बदलावी, असं ती म्हणाली. काम काढायच्या आधी मुलाच्या डॉक्टरांना दाखवून रोजच्या आणि तातडीच्या औषधांचा कागद नव्यानं लिहून घ्यायचा. "पंपाची सवय लागते" म्हणून रोजचा पंप घरच्यांनी मनानं बंद करायचा नाही. ही समजूत या भागात अजूनही फार आहे आणि तिच्यामुळे मुलं विनाकारण त्रास काढतात.

"आणि बाबा, हे नीट ऐका. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली, एका दमात वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसले, तर मुहूर्त बघायचा नाही. तातडीचा निळा पंप स्पेसर लावून द्यायचा आणि 108 ला फोन करायचा. अमरावती काही इथे शेजारी नाही."

आजोबांनी हिशेबाची वही काढली. डावीकडे "गवंडी, आश्विन" लिहिलं, उजवीकडे "पेंटर, चैत्र". उजव्या बाजूला आत्यानं आणखी तीन ओळी घालायला लावल्या: कोळशाचा मास्क एक, हातमोजे, हात धुवायला साबण. "हे आपून देवाचं?" त्यांनी विचारलं. "आपणच," ती म्हणाली. पेंटर काही बोलला नाही. फाटकाला मात्र दिवाळीआधीच ऑइल पेंट लागेल, यावर आजोबा अडून बसले. फाटक अंगणाच्या पलीकडे, रस्त्यावर. मुलगा मामाकडे असताना सकाळी रंग दिला तर हरकत नाही, असं म्हणून आत्यानं ते मान्य केलं, फक्त उरलेला डबा आणि थिनरची बाटली घरात पलंगाखाली न ठेवता मागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवायची.

कपाटाचा निकाल मात्र लागला नाही. नव्या सुनेसाठी प्लायवुडचं, सनमायका लावलेलं भिंतभर कपाट करायचं आजोबांच्या मनात आहे. प्लायच्या डिंकातून निघणारं फॉर्मल्डिहाइड महिनोन् महिने निघत राहतं, गरम आणि दमट हवेत जास्त. सनमायका चिकटवायच्या सोल्यूशनचा वास वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेनं 2010 साली घरातल्या हवेत फॉर्मल्डिहाइडची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीनं घनमीटरमागे 0.1 मिलिग्रॅम इतकी घालून दिली. आत्या म्हणते, लोखंडी कपाट घ्या, तयार मिळतं, वास नाही. आजोबांच्या मते लग्नात लोखंडी कपाट दिलं तर व्याही हसतील. सुतार परवा माप घ्यायला येणार आहे, आणि आत्यानं आपलं नागपूरचं तिकीट दोन दिवस पुढे ढकललं आहे.